ड्रमवरचा शिक्का आणि आपली जबाबदारी : कारखान्यातल्या केमिकलबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली पत्रं बहुतेक एकाच विषयावरची आहेत. अन्नप्रक्रिया कारखान्यात जी केमिकल्स खाण्यात घालायची नसतात पण खाण्याच्या आजूबाजूला दिवसरात्र असतात, म्हणजे क्लीनर, सॅनिटायझर, ग्रीस, बॉयलरचं औषध, कूलिंगचं पाणी, त्यांना सरकारची मंजुरी लागते का आणि ती कशी तपासायची. मी बरीच वर्षं क्वालिटीचं काम केलंय त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, उत्तरं थोडी लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : आमचा सप्लायर प्रत्येक क्लीनरवर ठळक अक्षरात ‘यूएसडीए अप्रूव्हड’ लिहितो. पत्र मागितलं तर एक जुनी झेरॉक्स देतो. ऑडिटरने ती मानली नाही आणि नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियम पाळला नाही असा शेरा, टाकली. सरकारी पत्र असून का नाही चालत?

ऑडिटरचं बरोबर आहे हो. आधी झेरॉक्सवरची तारीख बघा, बहुतेक १९९८ च्या आधीची निघेल.

झालं असं की अमेरिकेच्या कृषी खात्याची, म्हणजे यूएसडीएची, एफएसआयएस नावाची शाखा मांस आणि पोल्ट्रीचे कारखाने तपासते. पूर्वी त्या कारखान्यांत कुठलंही क्लीनर किंवा ग्रीस वापरायचं तर बनवणाऱ्याने फॉर्म्युला आणि लेबल खात्याला पाठवायचं, खातं ते तपासायचं आणि ठीक वाटलं तर एक पत्र द्यायचं, त्यात कॅटेगरीचा कोड असायचा. अशा सगळ्या मालाची एक जाडजूड यादी छापली जायची आणि इन्स्पेक्टर ती उघडून बघायचा, नाव असलं तर चालेल, नसलं तर बाहेर काढा. ए-१ म्हणजे जनरल क्लीनर, एच-१ म्हणजे अन्नाला चुकून लागलं तरी चालेल असं वंगण, हे कोड तिथूनच आले आणि पुढे जगभर पसरले.

ही आधी मंजुरी घ्यायची पद्धत खात्याने १९९८ साली बंद केली. कारण १९९६ च्या हॅसॅप (धोके ओळखून ते आवरायची पद्धत) नियमाने विचारच बदलला होता, सरकारने एकेका वस्तूला हो-नाही म्हणत बसण्यापेक्षा कारखान्याने स्वतःचे धोके स्वतः ओळखायचे आणि ते आवरल्याचं दाखवून द्यायचं. आता तिथला नियम एवढंच म्हणतो की केमिकल ज्या पद्धतीने वापरताय त्या पद्धतीत ते सुरक्षित आणि परिणामकारक हवं, आणि त्याचा कागदी पुरावा इन्स्पेक्टरने मागितला की दाखवता आला पाहिजे. मग ती रिकामी जागा कुणी भरली? मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरच्या एनएसएफ या संस्थेने १९९९ मध्ये तसलीच नोंदणी सुरू केली, कोडही जवळपास तेच ठेवले. पण ती सरकारी नाही आणि सक्तीचीही नाही, उत्पादक आपणहून करून घेतो. कॅनडानेही स्वतःची सरकारी यादी २०१४ मध्ये बंद केली.

म्हणून आज कुणी नव्या मालावर ‘यूएसडीए अप्रूव्हड’ लिहीत असेल तर त्या शब्दांना काही अर्थ उरलेला नाही. जुनं पत्र त्या वेळच्या फॉर्म्युल्याला दिलेलं होतं आणि एवढ्या वर्षांत फॉर्म्युला, कच्चा माल, कधीकधी मालकसुद्धा बदललेला असतो. सप्लायरकडे आजच्या नोंदणीचा क्रमांक मागा, तो संस्थेच्या ऑनलाइन यादीत स्वतः टाकून बघा, ड्रमवरचं नाव आणि यादीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. नावापुढे ‘प्लस’ किंवा ‘एचडी’ असं एखादं शेपूट जास्तीचं असेल तर तो वेगळा माल धरायचा, इथे दया दाखवू नका.

प्रश्न : मेंटेनन्सवाले म्हणतात एच-१ ग्रीस खाल्लं तरी चालतं, म्हणून चेनवर भरपूर लावतात. हे खरं आहे का?

नाही, आणि हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की आता ऐकला की वाईट वाटतं.

एच-१ चा अर्थ एवढाच की चुकून, टाळता न येण्यासारखा संपर्क झाला तर त्यातले घटक ठराविक मर्यादेपर्यंत चालवून घेतले जातात. अमेरिकेच्या एफडीए या अन्न आणि औषध खात्याच्या नियमात खनिज तेलाच्या वंगणासाठी ही मर्यादा अन्नात १० पीपीएम आहे, म्हणजे एक टन मालामागे फक्त १० ग्रॅम. आता हिशोब करा, कन्व्हेयरच्या वरच्या गिअरबॉक्समधून सील गेल्यामुळे एक लिटर तेल गळलं तर ते साधारण ८५० ग्रॅम भरतं, आणि मर्यादेत राहायला ते ८५ टन मालात सारखं पसरायला हवं. तसं ते कधीच पसरत नाही, ते एका ट्रेमध्ये, एका ढिगावर पडतं. म्हणजे एच-१ असूनही तो माल फेकावाच लागतो.

एच-२ म्हणजे अन्नाशी संपर्काची शक्यताच नाही तिथलं वंगण, लाइनच्या खाली, बाहेर, वेगळ्या खोलीतल्या मशीनला. गडबड होते ती बहुतेक वेळा ग्रीस गनमुळे. मी एका कारखान्यात (नाव नको) रात्रपाळीत उभी होते, स्टोअरमध्ये एच-१ चा नवाकोरा डबा, कागदपत्रं चोख, फाइल बघून कुणीही खूश व्हावं. आणि फिटरच्या हातात एकच गन, तिच्या तोंडाशी काळपट जुनं ग्रीस, त्यावरून नवं पांढरं ग्रीस बाहेर येतंय. पहिले चार-पाच स्ट्रोक तर मागच्या मशीनचंच ग्रीस बेअरिंगमध्ये जात होतं. त्यानंतर आम्ही गन वेगळ्या केल्या, एच-१ च्या गनला निळी पट्टी, निपलच्या (मशीनवर ग्रीस भरायच्या तोंडाच्या) टोपीलाही निळाच रंग, आणि भरायचं टेबलसुद्धा वेगळं. खर्च फार आला नाही पण महिनाभर मागे लागावं लागलं.

अजून एक सांगते. एच-२ वरून एच-१ वर जाताना जुनं ग्रीस पूर्ण काढा, नुसतं वरून दाबू नका. दोन ग्रीसचे जाडसर धरून ठेवणारे पदार्थ एकमेकांशी जुळले नाहीत तर मिश्रण पातळ होऊन गळायला लागतं, म्हणजे सुरक्षित ग्रीस आणलं आणि गळती वाढवून बसलो असं होतं.

प्रश्न : सॅनिटायझर मारल्यावर पाण्याने धुवायचं की नाही? आमच्याकडे दोन सुपरवायझर दोन गोष्टी सांगतात.

दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण उत्तर केमिकलच्या नावात नसतं, ते किती तीव्र वापरताय त्यावर असतं. एनएसएफच्या कोडमध्ये डी-१ म्हणजे नंतर धुवायचं आणि डी-२ म्हणजे न धुता चालेल. अमेरिकेत न धुता वापरायची मर्यादा क्लोरीनला २०० पीपीएम आणि आयोडीनला २५ पीपीएम अशी आहे, त्यातही पृष्ठभाग नीट निथळू द्यायचा, डबकं ठेवायचं नाही. त्याच्या वर गेलात की स्वच्छ पाण्याने धुणं आलंच.

आणि इथे एक फरक लक्षात ठेवा. क्लीनर-ग्रीसची सरकारी मंजुरी गेली तरी अन्न लागणाऱ्या पृष्ठभागावरचं सॅनिटायझर अमेरिकेत आजही सरकारकडेच नोंदवावं लागतं, पर्यावरण खात्याकडे म्हणजे ईपीएकडे, कारण जंतू मारण्याचा दावा करणारी वस्तू तिथे पेस्टिसाइडच्या कायद्यात येते. लेबलवर तो नोंदणी क्रमांक असतो आणि लेबलवर लिहिलेलं प्रमाण, वेळ, पद्धत हे पाळणं कायद्याने बंधनकारक असतं. युरोपात दुसऱ्या बाजूने पकडतात, क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम) जातीच्या सॅनिटायझरचा अंश अन्नातच मोजतात, बीएसी आणि डीडीएसी या त्यातल्या दोन केमिकलना अन्नात ठराविक मर्यादा आहे. म्हणजे निर्यात करणाऱ्याने ‘लेबलवर डी-२ लिहिलंय’ म्हणून डोळे झाकून चालत नाही, माल जिथे जाणार तिथला आकडा बघायचा.

प्रमाणाचा साधा हिशोब. ५ टक्के क्लोरीनचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) असेल तर एका लिटर पाण्यात ४ मिली टाकलं की २०० पीपीएम होतं, १० टक्क्यांचं असेल तर २ मिली. पण हायपो उन्हात, गरमीत पडून राहिलं की त्याची ताकद उतरते, त्यामुळे मापावर विसंबू नका, टेस्ट स्ट्रिप बुडवा आणि रंग बघा. काही लोक याच भीतीने दुप्पट ओततात, ते सगळ्यात वाईट, धातू खराब होतो, वास मालाला लागतो आणि मर्यादाही ओलांडते. खरकटं राहिलं असेल तर क्लोरीन त्या खरकट्यावरच खर्च होतं, आणि क्वाट असेल तर साबणाचा अंश त्याला निकामी करतो, म्हणून आधी धुणं, मग खळखळून पाणी, मगच सॅनिटायझर, हा क्रम मोडू नका. हायपो आणि अ‍ॅसिड क्लीनर एकत्र आले तर क्लोरीन गॅस निघतो, दोन्ही एकाच रॅकवर ठेवत असाल तर आजच वेगळे करा.

प्रश्न : बॉयलरचं केमिकल तर पाण्यात जातं, अन्नात नाही. त्याचा कागद कशाला?

वाफ थेट अन्नात सोडत असाल, किंवा वाफेने भांडी, लाइन निर्जंतुक करत असाल तर तो प्रश्न येतोच. काही अमाइन्स, म्हणजे पाइप गंजू नये म्हणून घातलेली केमिकल्स, वाफेबरोबर उडून पुढे जातात. एफडीएच्या यादीत मॉर्फोलिन या अमाइनला वाफेत १० पीपीएमची मर्यादा आहे आणि दूध किंवा दुधाच्या पदार्थाला लागणाऱ्या वाफेत ते मुळीच चालत नाही, हायड्राझीनचा अंश तर वाफेत शून्यच हवा. एनएसएफच्या कोडमध्ये जी-६ म्हणजे वाफ अन्नाला लागली तरी चालेल, जी-७ म्हणजे लागता कामा नये. दोन्हींचे कॅन दिसायला सारखेच असतात आणि बॉयलर ऑपरेटरला हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो, त्याला जवळ बसवून सांगा.

प्रश्न : चिलरच्या ग्लायकॉलला आणि हीटिंग ऑइललाही अशी नोंदणी लागते का? ते तर बंद पाइपात असतं.

बंद पाइपात असतं म्हणूनच तिकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि सगळ्यात मोठे अपघात तिथेच झालेत.

१९६८ साली पश्चिम जपानमध्ये राइस ब्रान ऑइलमुळे हजारो लोक आजारी पडले, अंगभर पुरळ, डोळ्यांतून स्राव, नखं काळी. तेल गरम करायला ज्या नळ्या होत्या त्यांत पीसीबी हे उष्णता वाहून नेणारं द्रव फिरत होतं, ते गळून तेलात मिसळलं होतं. माणसांच्या आधी, त्याच वर्षाच्या सुरुवातीला, त्या तेलाच्या उपपदार्थाचं खाद्य खाऊन कोंबड्या मोठ्या संख्येने मेल्या होत्या, तेव्हाच कुणी धागा पकडला असता तर किती माणसं वाचली असती. १९७९ मध्ये तैवानला जवळपास हेच पुन्हा घडलं. आणि अगदी अलीकडे, जानेवारी २०२० मध्ये ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात बिअरमध्ये कूलिंगचं डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं, लोकांच्या किडन्या निकामी झाल्या, जीव गेले.

कूलिंगला प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरा, तेही गंजरोधकासकट नोंदलेलं, एचटी-१ कोडचं. नुसतं ‘ग्लायकॉल’ असं लिहिलेलं बिल स्वीकारू नका, कारण इथिलीन आणि डायइथिलीन ग्लायकॉल स्वस्त असतं, दिसायला तसंच असतं आणि विषारी असतं, ड्रम आला की नमुना तपासून घ्या. प्लेट हीट एक्सचेंजरमध्ये (पातळ प्लेटच्या एका बाजूने माल आणि दुसऱ्या बाजूने थंड करणारं द्रव, म्हणजे कूलंट, वाहतं ते यंत्र) मालाच्या बाजूचं प्रेशर कूलंटपेक्षा जास्त ठेवा, मग प्लेटला भोक पडलं तरी माल कूलंटमध्ये जाईल, कूलंट मालात येणार नाही. आणि टाकीतल्या ग्लायकॉलची पातळी रोज लिहा. ‘थोडं कमी झालं, टॉप-अप केलं’ एवढी एकच ओळ लॉगबुकात आठवडाभर दिसत असेल तर लाइन थांबवून ते ग्लायकॉल कुठे गेलं ते शोधा.

प्रश्न : टॉयलेट आणि गटाराच्या क्लीनरला पण हे सगळं?

त्याला वेगळे कोड आहेत, सी-१ आणि एल-१, म्हणजे प्रोसेसिंगच्या जागेबाहेर वापरायचं आणि गटारासाठीचं. प्रोसेसिंगच्या जागेत ते नेऊ नका, बादली आणि ब्रशही वेगळे ठेवा. बास.

प्रश्न : मग फाइलमध्ये नेमकं काय ठेवू? मी या कामात नवीन आहे.

प्रत्येक केमिकलमागे आजचं लेबल, एसडीएस (केमिकलच्या धोक्यांचं आणि सुरक्षिततेचं माहितीपत्रक), टेक्निकल शीट, नोंदणीचं पत्र किंवा सप्लायरचं लेखी हमीपत्र (तारीख आणि सही असलेलं), आणि तुमच्याकडे ते कुठे, किती प्रमाणात, कुठल्या पद्धतीने वापरलं जातं याचं तुमच्या हाताने लिहिलेलं एक पान. हे शेवटचं पान बहुतेक फाइलींमध्ये नसतं. सप्लायर फक्त त्याच्या ड्रमबद्दल सांगू शकतो, तुमच्या लाइनवर त्याचं काय होतं हे तुम्हीच सांगू शकता. नोंदण्या वर्षातून एकदा परत तपासा कारण त्या रद्दही होतात. आणि फाइल झाली की ती काखेत मारून स्टोअरमध्ये जा, एकेक ड्रम बघत टिक करा. फाइलमध्ये नसलेला एखादा डबा कोपऱ्यात हमखास सापडतो, बहुतेक वेळा लेबल नसलेल्या बाटलीत अर्धा भरलेला, तो कुणाचा ते विचारत बसू नका, आधी बाजूला काढून कुलपात ठेवा.