वडिलांची एमजीबी, दुसऱ्याच्या नावचं आरसी बुक आणि शेडच्या कोपऱ्यातलं जुनं इंजिन

कोरेगाव तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय, आधी थोडक्यात सांगतो. वडिलांनी १९८१ साली मुंबईच्या एका गृहस्थांकडून १९६७ची एमजीबी ही इंग्लिश बनावटीची मोटार घेतली, दोन सीटची, उघड्या टपाची, हिरवी. पैसे दिले, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केलेली पावती आणि आरसी बुक घेतलं, गाडी गावी आणली, नावावर करायचं मात्र राहूनच गेलं. पुढे इंजिन सीझ झालं तेव्हा मिस्त्रीने ॲम्बेसेडरचं इंजिन बसवून दिलं. वडील २०१४ मध्ये गेले आणि तेव्हापासून गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी. घरात आई, हे स्वतः, पुण्यातला भाऊ, विट्याला दिलेली बहीण. आता गाडी साताऱ्यातल्या एका गॅरेजला दिलीय, डेंटर म्हणतो खालचा सडका पत्रा कापून चॅनेल मारतो, यांना रंग लाल करायचाय आणि दर रविवारी बायकोला घेऊन कासला जायचंय, आणि एक एजंट म्हणतो साठ हजार द्या, महिन्यात आरसी तुमच्या नावावर. विचारतायत, सुरुवात कुठून करू?

दादा, सुरुवात गॅरेजला फोन करून करा. आज काम थांबवायला सांगा, आत्ताच, हे वाचून झाल्यावर नाही. का ते सांगतो.

तुमच्या गाडीला ॲम्बेसेडरसारखी मजबूत बॉडी आहे पण जीप-ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, एमजीबी मोनोकॉक आहे, म्हणजे दाराखालचे ते सिल हेच तिचा कणा. तिथे लोखंडी चॅनेल वेल्ड केलं की गाडी चालेल कदाचित, पण कागदावर ते बॉडीशेलमधलं मॉडिफिकेशन होतं, आणि केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी जे नियम आणले, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ८१ए आणि पुढचे, त्यात स्पष्ट लिहिलंय की गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, खाजगी वापराची हवी, आणि मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडीशेल किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले नकोत. तुमची गाडी वयाने केव्हाच बसते. डेंटरने एक दुपार कटर फिरवला की रूपाने बाद. सडलेला सिल काढून त्याच मापाचा, त्याच आकाराचा सिल बसवणं ही माझ्या मते दुरुस्ती आहे, फेरफार नाही, पण हे उद्या इन्स्पेक्टरला पटवायला तुमच्याकडे कापायच्या आधीचे फोटो, नंतरचे फोटो आणि पॅनेलचं बिल पाहिजे. या गाडीचे पॅनेल इंग्लंडमध्ये आजही नवे मिळतात, महाग पडतील पण मिळतात.

दुसरं, आणि हे त्याहून महत्त्वाचं. बॉनेट उघडलं की आत पत्र्यावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर जीएचएन३ने सुरू होणारा नंबर असेल. तोच तुमचा चॅसी नंबर. इन्स्पेक्टर कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट घेतो ती याच नंबरची. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक पक्षकार आला होता, जुनी फियाट, पेंटरने घासताना पट्टी काढली आणि खिळ्या-स्क्रूच्या डब्यात टाकली, डबा भंगारात गेला, बाकी सगळे कागद चोख असूनही त्या माणसाने दोन वर्षं खेटे घातले. तुमची पट्टी जागची हलवू देऊ नका. रंग देताना वरून मास्किंग टेप, बास.

आता नावाचं बघू. लोक मला सारखं म्हणतात आरसीवर नाव त्याचं म्हणजे मालक तोच, तसं सरळ नाहीये. गाडी ही जंगम वस्तू, पैसे देऊन ताबा घेतला की विक्री १९३०च्या मालविक्री कायद्याखाली पूर्ण होते, म्हणजे मालकी तुमच्या वडिलांकडे आली आणि ती १९८१ची पावती हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, लॅमिनेट वगैरे करू नका, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. पण मोटार वाहन कायद्यापुरता मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच सांगितलंय, गाडी चार हात फिरली तरी अपघाताची भरपाई आरसीवरच्या माणसाच्या गळ्यात. म्हणजे आज तुम्ही ही गाडी रस्त्यावर काढली आणि कोणाला धक्का लागला तर मुंबईच्या त्या गृहस्थांच्या घरच्यांना नोटीस जाईल, ज्यांना ही गाडी अजून आहे हेही माहीत नसेल. त्यामुळे गाडी कुठेही न्यायची तर टोइंगवर घालून न्या.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी त्या जुन्या तीन अक्षरी नंबरवरून मुंबईच्या ज्या आरटीओत नोंद झाली तिथून आरसी पर्टिक्युलर्स, म्हणजे नोंदीचा उतारा, मागा. एवढं जुनं रेकॉर्ड हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये असतं, सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दिसणार नाही, त्यावरून घाबरू नका, रजिस्टरमध्ये सापडलं की बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर, करून घेता येते. काउंटरवर टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आरसी बुकात फायनान्सचा एचपी शिक्का किंवा कस्टमचा काही शेरा आहे का तेही बघा आणि मला कळवा. नंबर बदलेल ही भीती तुम्ही लिहिलीय, ती सोडा, मुंबई आणि सातारा एकाच राज्यात, पत्ता बदलेल, तो जुना नंबर राहतो, एमएच ११ लावावा लागत नाही. विंटेजमध्ये गेलात तरी आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, विंटेज गाड्यांची नंबरात व्हीए अक्षरं असलेली सिरीज नव्याने नोंदणाऱ्यांसाठी आहे.

मग आरसी बुकातल्या पत्त्यावर स्वतः जा. पत्र पाठवू नका, स्वतः जा, वडिलांचा फोटो आणि गाडीचा फोटो घेऊन. ते गृहस्थ हयात असतील तर फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या, नसतील तर त्यांच्या वारसांनी आधी फॉर्म ३१ने वारस म्हणून नोंद करायची आणि मग तुम्हाला ट्रान्सफर द्यायची. बहुतेक माणसं सही देतात हो, त्यांची स्वतःची जबाबदारी सुटते हे नीट समजावून सांगितलं की देतात. कोणीच सापडलं नाही तर आरटीओकडे सगळे पुरावे जोडून अर्ज करा आणि नकार लेखी घ्या. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका, कारण लेखी आदेशावर कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं, आणि अपिलात नाही झालं तर दिवाणी कोर्टात मालकी जाहीर करून मागायचा दावा आहेच. पावती, टॅक्सच्या पावत्या, वडिलांच्या नावची जुनी इन्शुरन्स पॉलिसी असं जे काही असेल ते त्या दाव्यात कामी येईल.

इकडे घरातलं. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही, मग गाडी एकट्या तुमची नाही. आई, तुम्ही, भाऊ, बहीण, चौघांचा सारखा हिस्सा. तुम्ही लिहिलंय ताईचा काही संबंध नाही, ती लग्न होऊन गेलीय. संबंध आहे, तुमच्याइतकाच आहे, आणि तिला न विचारता केलेली नोंद उद्या तिने किंवा तिच्या मुलांनी आव्हान दिली तर टिकणार नाही. चौघं एका जागी बसा, तिघांचं नोटराइज केलेलं संमतीचं प्रतिज्ञापत्र तुमच्या नावे घ्या, सोबत मृत्यू दाखला. कोणी सक्सेशन सर्टिफिकेट आणा म्हणालं तर तो खर्च करू नका, ते बँकेतल्या ठेवी, शेअर, येणी यांसाठी असतं. आरटीओने कोर्टाचा कागद मागितलाच तर आपल्याकडे १८२७च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी कोर्टातून वारस दाखला मिळतो, तो मागा.

आता इंजिन. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की जुनं इंजिन शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडलंय, भंगारवाला चार हजार देतो. दादा, देऊ नका. अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसी हे दोन्ही बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, या कंपनीच्या बी सिरीजचे, म्हणून तुमच्या मिस्त्रीला ते बसवता आलं, त्याने त्या काळात गाडी चालती ठेवली हे त्याचे उपकारच, पण आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर आज जुळत नाही आणि या एका गोष्टीवर विंटेजचा अर्ज परत येईल. इंजिन बदललं तर परवानगी घ्यायची, न घेता बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंद करायची असं कलम ५२ सांगतं, तेही तेव्हा झालेलं नाही. आणि २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने जयचंद्र प्रकरणात सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल चालणार नाहीत. तेव्हा जुना ब्लॉक चांगल्या मशीन शॉपला दाखवा, स्लीव्ह घालून, बोअर करून तो उठतो का बघा. उठवताना हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, हे इंजिन शिसेवाल्या पेट्रोलच्या जमान्यातलं आणि ते पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, आणि आता इथेनॉल मिसळलेलं मिळतं म्हणून पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, जुने पाइप त्याने नरम पडून गळतात आणि तुमच्या त्या दोन एसयू कार्ब्युरेटरच्या शेजारीच तापलेला एक्झॉस्ट आहे. हे सगळं दुरुस्तीत मोडतं, प्रत्येकाचं बिल ठेवा.

लाल रंगाबद्दल, आरसीवर रंगाची नोंद असते, बदलायचा तर आधी परवानगी. परवानगीशिवाय फेरफार केला तर कलम १८२ए खाली प्रत्येक फेरफाराला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझं ऐकाल तर हिरवाच ठेवा, ज्या रंगात वडिलांनी आणली त्या रंगात.

आणि कास. इथे तुम्हाला एक काहीतरी निवडावं लागेल. विंटेज केलीत तर फी बरीच कमी पडते, पण गाडी फक्त प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, आणि पेट्रोल व दुरुस्तीसाठी बाहेर काढता येते. दर रविवारची यवतेश्वर घाटातली फेरी त्यात बसत नाही, आणि तिथे काही झालं तर इन्शुरन्स कंपनी पहिला मुद्दा हाच काढेल. साधी नोंदणी रिन्यू केलीत तर पाच वर्षं कुठेही फिरा, पण २०२५च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या इम्पोर्टेड चारचाकीची रिन्युअल फी ८०,००० झालीय, जीएसटी वेगळा, वर उशिराचे महिन्याला ५०० आणि आपला पर्यावरण कर. तुम्ही शेती आणि दुकानावर घर चालवता असं लिहिलंय, म्हणून मी स्पष्ट सांगतो, विंटेज करा, वर्षातून दोन-तीन रॅली करा, बायकोला त्यात घेऊन जा. रोजच्या घाटासाठी ही गाडी राहिलेली नाही.

एजंटला एक पैसा देऊ नका. आरसीवरच्या माणसाची सही नाही, वारसांची नाही, इंजिन जुळत नाही, आणि महिन्यात आरसी देतो म्हणतो म्हणजे तो एकतर खोट्या सह्या करणार किंवा भंगारात गेलेल्या दुसऱ्या गाडीचे कागद तुमच्या गाडीला चिकटवणार. खोटा दस्तऐवज करणं आणि तो खरा म्हणून वापरणं, दोन्ही भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत, कलम ३३६ आणि ३४०, आणि कागद वापरणारे तुम्ही असाल, तो नाही.

तर या आठवड्यात एवढंच करा. शेडमधल्या ब्लॉकवरचं पोतं काढा, त्याच्या उजव्या अंगाला एक पट्टी असेल, १८जीबीने सुरू होणारा नंबर असायला पाहिजे. वायर ब्रश लावू नका, अक्षरं जातात, रॉकेलमध्ये भिजवलेलं मऊ कापड अर्धा तास ठेवा आणि मग हलक्या हाताने पुसा. फोटो काढा, आरसी बुकातल्या नंबरशी जुळवा, आणि दोन्ही फोटो मला पाठवा.