गावी पाहुणा, शहरात उपरा

नोकरी चांगली आहे, पगार वेळेवर होतो, कुणी त्रास देत नाही, तरी इथे आपलं काही नाही असं वाटत राहतं. गावी जावं तर तिथेही पाहुण्यासारखं वाटतं. माझं काही बिनसलंय का? पंचविशी-तिशीतली बरीच मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनाला येऊन आपापल्या शब्दांत हे विचारतात. आयटीतले विचारतात, नर्सिंगच्या मुली विचारतात, पहिलं पोस्टिंग मिळालेले अधिकारीही विचारतात. इथे सांगते आहे ती एका नाटकवाल्या मुलाची हकीकत, त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा वडशाजवळच्या एका गावचा. वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. पुण्या-मुंबईच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा धानाचा मुलूख. दिवाळी झाली, धान घरात यायला लागलं की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीच्या आसपास संपतो. गावात मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) असो की शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक हवंच. पडदा उशिरा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. लेकी-जावई, सोयरेधायरे मुक्कामाला येतात, त्याच गर्दीत लग्नं जुळतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राने या रंगभूमीकडे जरा मान वळवून पाहिलं, तेवढंच.

आमचा हा मुलगा लाइटवाला. शाळेत असताना केबल उचलायला लागला आणि पुढे बोर्डावर बसला. हिवाळाभर त्याचा पत्ता म्हणजे नाटक कंपनीची गाडी. आज सिंदेवाहीकडे, उद्या कुरखेड्याकडे, परवा लाखांदूरला. पैसे नाइटवर. पहाटे लाइट उतरवायचे, गाडीतच डुलकी काढायची, वडशाला उतरून चहा घ्यायचा आणि दुपारपर्यंत झोपायचं. पावसाळ्यात बापासोबत धानाची शेती. कोरोनाच्या हिवाळ्यात हंगाम कोलमडला आणि घरात एकच विषय सुरू झाला, काहीतरी पक्कं बघ. ते मिळायला पुढे काही वर्षं गेली. शेवटी ओळखीतून पुण्यातल्या एका संस्थेच्या सभागृहात तांत्रिक सहायकाची जागा मिळाली. पीएफ, साप्ताहिक सुट्टी, सगळं रीतसर. रुजू झाला तो नेमका दिवाळीनंतर, म्हणजे तिकडे पहिली नारळं फुटत असताना.

माझ्याकडे आला जानेवारीच्या शेवटी. बोलणं तुटक. ‘‘मॅडम, करमत नाही. बाकी काही नाही.’’

घराचा विषय निघाला की समुपदेशकाला बालपणात शिरण्याचा फार मोह होतो. मी आधी झोप विचारते. हा दहाला अंथरुणावर पडायचा आणि चारपर्यंत टक्क जागा. नऊला कामावर हजर. दुपारी सभागृहाच्या मागच्या खोलीत बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि रात्री पुन्हा तेच. यात मनाचा दोष थोडा, शरीराच्या घड्याळाचा जास्त. कित्येक हिवाळे ज्याने रात्र हाच दिवस मानला, त्याचं घड्याळ रुजू होण्याच्या तारखेला बदलत नाही. ते हळूहळू सरकतं आणि त्याला सरकवायला सकाळचा उजेड लागतो. इथे उलटंच चाललं होतं. कंपनीतला एक मित्र विंगेत फोन टेकवून व्हिडिओ कॉल लावून द्यायचा आणि हा पुण्याच्या खोलीत अंधारात तीन-तीन वाजेपर्यंत नाटक बघायचा. देह कोथरूडला आणि डोळे आरमोरीला.

नैराश्य आहे का, हेही नीट तपासलं. दिवसातला बहुतेक वेळ उदास, कशातच रस नाही, भूक, झोप, एकाग्रता बिघडलेली, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं किंवा मरणाचे विचार, यातलं बरंच काही दोन आठवडे किंवा जास्त टिकलं असेल तर मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते, तिथे गप्पांवर भागवत नाही. याचं तसं नव्हतं. क्रिकेट लागलं की डोळे चमकायचे, जेवण व्यवस्थित, मरणाचा विचार नाही. मोठ्या बदलानंतर जुळवून घेताना होणारा हा त्रास सहसा महिनाभरात डोकं वर काढतो, आणि ताण रेंगाळला नाही तर साधारण सहा महिन्यांत ओसरतो. हे ऐकूनच त्याचा अर्धा जीव भांड्यात पडला. आपल्याला वेड लागतंय की काय, ही भीती तो मनात धरून होता आणि आईला सांगत नव्हता.

मग झोपेवर काम केलं. उठायची वेळ रोज एकच, सुट्टीच्या दिवशीही. उठल्यावर अर्धा तास बाहेर उन्हात. दुपारची झोप बंद किंवा अगदी थोडी. व्हिडिओ कॉल तोडायला मी सांगितलं नाही, ते त्याच्या गळ्याशी आलं असतं. फक्त वेळ बदलली. रविवारी दुपारी, मंडळी उठून आंघोळ करतात तेव्हा.

झोप रुळावर आल्यावर खरं दुखणं बोलायला लागलं. मधे तो गावच्या नाटकाला चार दिवस जाऊन आला होता आणि आल्यापासून जास्तच खचला होता. का, ते त्याने सांगितलं. ‘‘आईनं मले पाहुण्याच्या ताटात वाढलं. बाबा काही बोललेच नाहीत, पहिले किती चिल्लावत. रात्री नाटकाले गेलो तं लाइटवर दुसराच पोरगा. त्यानं मले बसायले खुर्ची दिली, मॅडम.’’

खुर्चीपाशी त्याचा आवाज अडकला.

त्या खुर्चीवर आम्ही बराच वेळ घालवला. तो म्हणत होता, गावाने मला परकं केलं. मला तसं दिसत नव्हतं. मान देत होती माणसं, आणि मानच बोचत होता. ज्या बोर्डापाशी हा वर्षानुवर्षं उभ्याने राबला, ओरडा खाल्ला, तिथे आता त्याच्याकडून कुणाला काहीच नको होतं. घरी तर पैसेही जात होते दर महिन्याला. घरी पैसे पाठवणाऱ्या पोराला घरचे रागवेनासे होतात, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता विचारायच्या आधीच ओळखते. रागावणं थांबलं, कामं सांगणं थांबलं, की पोरगा पाहुणा झालाच. पुण्यात हे दुसऱ्या टोकाने चाललं होतं. सभागृहात सगळे त्याला ‘सर’ म्हणायचे, आणि तो नसता तरी कुणाचं अडलं नसतं.

म्हणून ‘इथे मित्र जोड’, ‘जुळवून घे’ असले सल्ले मी देत नाही. पहिल्या हिवाळ्यात ते निव्वळ कानाला लागतात. आपली कुठे गरज आहे, कोण आपल्याला हक्काने काम सांगतं, एवढं शोधायचं असतं. आम्ही तीन ठिकाणी शोधलं, आणि तिन्ही ठिकाणी सारखं यश आलं नाही.

कामावर आधी आपटलो. जानेवारी-फेब्रुवारीत सभागृहात शाळांच्या गॅदरिंगची रांग. याने एका नाचाला झाडीपट्टीच्या सवयीने निळी रात्र उभी केली. बाई धावत आल्या, म्हणाल्या सगळे लाइट पूर्ण लावा, पालकांच्या मोबाइलमध्ये मुलं दिसली पाहिजेत. त्याला हसू आलं, थोडा हिरमुसलाही. तिथे कलेची भूक भागणार नव्हती, हे मलाही मान्य करावं लागलं. पण कार्यक्रम संपल्यावर कंत्राटी कामगार केबल गुंडाळतात, त्यांच्यासोबत तो थांबायला लागला. त्याचं काम नव्हतं ते. वरिष्ठांना फारसं रुचलं नाही. पण ती मंडळी रात्री एकत्र भाकरी खातात, आणि काही दिवसांत त्याला फोन यायला लागले, ‘‘ए, येतोयस ना? तुझ्यासाठी अडलंय.’’ मी सुचवलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा हे जास्त लागू पडलं.

कंपनीकडे दुसरी वाट निघाली. लाइटवरचा नवा मुलगा रविवारच्या फोनवर अडलेलं विचारायला लागला, हा सांगायला लागला. पहिल्या वेळी बोलताना याच्या घशात आवंढा होता, मग सवयीचं झालं.

गावासाठी मी त्याला होळीला जाण्याआधी आईला फोन करून कामांची यादी मागायला सांगितली. आई आधी म्हणाली, दोन दिवस येतोस, आराम कर. याने लावून धरलं. मग यादी आली ती चांगली लांब निघाली. बापाला डोळे तपासायला ब्रह्मपुरीला न्यायचं, मोटरचं स्टार्टर बघायचं, बहिणीच्या शाळेचा दाखला. स्टार्टर याच्याने झालं नाही आणि बाप चिल्लावला. मला हे फोनवर सांगताना गडी खूश होता.

आईवडिलांपैकी कुणी हे वाचत असेल तर एवढं सांगेन. पोरगं चार दिवसांसाठी आलं की लाड करावेसे वाटतात, करा. पण त्याची जुनी कामं दुसऱ्याला देऊन टाकू नका. विहिरीवरची मोटर, आजीची औषधं, गावातली एखादी वर्गणी, काहीही असेल ते त्याच्याच नावावर राहू द्या.

आणि मुलांना. परत जाऊ की राहू, हा निर्णय पहिल्या हंगामात घेऊ नका. जुन्या वर्षातला जो काळ सगळ्यात भरलेला असायचा, तोच काळ पहिल्या वर्षी सगळ्यात रिकामा जातो. आंबा, मासेमारी, गणपतीतलं ढोलपथक, वारी, ज्याचं जे असेल ते. पूर्ण वर्ष जाऊ द्या, झोप नीट होऊ द्या, मग ठरवा. त्याआधी फारच असह्य झालं, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर वाट बघू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

याचा निर्णय अजून झालेला नाही. दिवाळीच्या तोंडावर वडशात कंपन्यांची कार्यालयं गजबजतील, गावोगावची माणसं नाटक ठरवायला येतील. त्याने दहा दिवसांची रजा आधीच मागून ठेवली आहे, बिनपगारी चालेल म्हणून. साहेबांनी ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हटलंय. जुने मालक ये म्हणाले, पण लाइटवर नाही, नवा पोरगा आता तयार झालाय. साउंडला माणूस कमी आहे. साउंड याला येत नाही, म्हणून सध्या सभागृहातल्या साउंडवाल्याच्या मागे मागे फिरतोय.