मध्यम आकाराच्या कारखान्याने जुना ईआरपी बदलताना नवा कसा निवडावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाहनांचे सुटे भाग बनवणारा, एकाच जागेवरचा कारखाना. जुना ईआरपी (खरेदी, स्टॉक, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) एका स्थानिक कंपनीकडून करून घेतलेला, आणि ती कंपनी आता सपोर्ट देत नाही. संचालकांपुढे एसएपी, मायक्रोसॉफ्टचं बिझनेस सेंट्रल आणि ईआरपीनेक्स्ट असे तीन प्रस्ताव आहेत, तर कोणता घ्यावा?

मी मटेरियल खात्यातून पुढे आलो आणि ईआरपी बदलण्याची कामं आतून पाहिली आहेत. माझं उत्तर असं, की नाव आत्ता ठरवूच नका. तुमच्याकडचा सगळ्यात किचकट व्यवहार लिहून काढा आणि तिघांनाही तो तुमच्याच डेटावर करून दाखवायला सांगा. त्यांच्या तयार डेमोत परचेस ऑर्डर, जीआरएन (माल आल्याची नोंद), बिल, पेमेंट एवढंच दाखवतात. ते तिन्हींमध्ये छान चालतं. आपले कारखाने अडकतात ते जॉबवर्कमध्ये, म्हणजे आपला माल बाहेर देऊन त्यावर काम करून घेण्यात.

उदाहरण देतो. ५०० फोर्जिंग (ठोकून घडवलेले भाग) हीट ट्रीटमेंटवाल्याकडे गेली. तुमचं चलन नगावर, त्याचं बिल किलोवर. दोन खेपांत ४८२ चांगले नग मिळाले, ६ क्रॅक निघाले, १२ अजून त्याच्याकडेच आहेत. आणि दुसऱ्या खेपेतला माल तुमच्या गेटमधून आत आलाच नाही, तिथूनच परस्पर प्लेटिंगवाल्याकडे गेला. आता सल्लागाराला विचारा: या क्षणी माझा माल कोणाकडे किती आहे ते एका स्क्रीनवर दाखवा. ६ नगांचा डेबिट कोणावर पडला? किलोच्या बिलावरून एका नगाचं कॉस्टिंग कसं आलं? जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर पाठवल्या दिवसापासूनच पुरवठा झाला असं धरून व्याजासकट जीएसटी भरावा लागतो. ती मुदत जवळ आली की सिस्टिम सांगते का? आणि ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना दर सहामाहीला भरावा लागणारा आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) याच चलनांमधून निघतो, की स्टोअरमधल्या पोराने एक्सेलमध्ये वेगळा बनवायचा?

इथे जो "हे आम्ही कस्टमाइझ करून देऊ" म्हणेल, त्याच्याकडून ते किती दिवसांत आणि किती पैशांत होईल हे तिथल्या तिथे लेखी घ्या. पुढच्या व्हर्जनला ते टिकणार का, हेही विचारा.

दुसरी परीक्षा रेट डिफरन्सची. ग्राहक जुलैमध्ये ॲमेंडमेंट (ऑर्डरमधल्या दरबदलाचं पत्र) पाठवतो आणि नवा दर एप्रिलपासून लागू करतो. मधल्या प्रत्येक बिलावर दरवाढ असेल तर डेबिट नोट, स्टील उतरलं असेल तर क्रेडिट नोट, मूळ बिलाच्या संदर्भासकट. हे हाताने करणं म्हणजे अकाउंट्सचे आठ दिवस गेले. ग्राहकाचं शेड्यूल, एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) आणि बारकोड लेबलही याच यादीत घाला.

कायद्याच्या बाजूला जास्त वेळ नको, पण तपासा. ५ कोटींवर उलाढाल असेल तर ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) आहेच. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावर उलाढाल असलेल्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर चढवावं लागतं. कंपनी कायद्याखाली १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करता न येणारा एडिट लॉग (काय, कधी बदललं याची नोंद) हवा. तुमचा जुना ईआरपी बहुधा इथेच मार खात असणार.

आता तिन्ही नावांबद्दल. "एसएपी" म्हणजे नक्की काय, हे आधी विचारा. बिझनेस वन आणि एस/४हाना ही दोन वेगळी उत्पादनं आहेत, खर्चही वेगळा. कुणी एसएपीचं जुनं ईसीसी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, त्याचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतो. बिझनेस सेंट्रलमध्ये प्रॉडक्शन ऑर्डर आणि राउटिंग (कामाच्या पायऱ्यांचा क्रम) प्रीमियम लायसन्समध्ये येतात, तेव्हा कोटेशन इसेन्शियल्स या खालच्या लायसन्सचं तर नाही ना ते बघा. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपेचं, ओपन सोर्स, त्यामुळे माणशी लायसन्सचा खर्च नाही. मात्र ते सांभाळणारा एक जाणकार माणूस तुमच्या पगारावर हवा. तसा माणूस असेल किंवा तयार करायची तयारी असेल, तर एका प्लांटच्या कारखान्याला मी ईआरपीनेक्स्टच सुचवेन. नसेल तर बिझनेस सेंट्रल किंवा बिझनेस वन, यांपैकी ज्याचा पार्टनर (ते विकून बसवून देणारी कंपनी) चांगला ते. एस/४हानाची गरज तुमच्या वर्णनात मला कुठे दिसली नाही.

पार्टनर चांगला की नाही हे कसं कळणार? विकायला येणारे आणि राबवायला येणारे वेगळे असतात. राबवणाऱ्या माणसांची नावं करारात घ्या आणि त्यांनाच डेमोला बसवा. त्यांनी काम केलेला तुमच्याच धंद्यातला एक कारखाना बघा, आणि तिथल्या आयटी मॅनेजरला भेटून परत येऊ नका. स्टोअरकीपरकडे जा, संध्याकाळी डिस्पॅचच्या गर्दीत. तो चलन सिस्टिममधून काढतोय की आधी कच्च्या वहीत लिहून रात्री एंट्री मारतोय, हे पाहिलं की सगळं कळतं.

निवड चालू असतानाच आयटम मास्टर (सगळ्या वस्तूंची मूळ यादी) साफ करायला घ्या. तुमच्याकडे "बेअरिंग ६२०४", "६२०४ झेडझेड", "बीआरजी ६२०४ २आरएस" अशा नोंदी असणारच. झेडझेडला पत्र्याचं शील्ड असतं, २आरएसला रबरी सील, म्हणजे ते वेगळे आयटम. पण नुसतं "६२०४" लिहिलेलं यांतलं कोणतं, हे रॅकसमोर उभा राहणारा स्टोअरचा माणूसच सांगू शकतो. त्याला रोजच्या कामातून सोडवून हे काम द्या. जुने सगळे व्यवहार नव्यात ओतायची गरज नाही. मास्टर, चालू ऑर्डरी, स्टॉक, जॉबवर्कवाल्यांकडची शिल्लक आणि येणी-देणी आणा. जुना सर्व्हर नुसता वाचता येईल असा ठेवा, कारण हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात.

नवी सिस्टिम सुरू करायची तारीख अकाउंट्सवाले १ एप्रिल सांगतील. मार्चअखेरचा डिस्पॅच आणि स्टॉकची मोजदाद यात माणसं थकलेली असतात, म्हणून मी ती टाळेन. अमेरिकेतल्या हर्शी चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैमध्ये, हॅलोवीनच्या मागणीच्या तोंडावर नवी सिस्टिम सुरू केली आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पाठवता आल्या नाहीत. तुमचा सगळ्यात हलका महिना कोणता, ते डिस्पॅचला विचारा. दोन्ही सिस्टिम तीन महिने समांतर चालवा असंही सांगतील. स्टोअरवर दुहेरी एंट्री होत नाही, आठवड्यात एक बाजू सुटते. त्याऐवजी टेस्ट सर्व्हरवर एका पूर्ण महिन्याची खरी कागदपत्रं घालून त्या महिन्याचा हिशेब बंद करा आणि स्टॉक व ट्रायल बॅलन्स जुन्याशी जुळवा. जुळेपर्यंत तारीख पुढे ढकला.

करारात एक कलम न विसरता घाला: सगळा डेटा, टेबलांच्या वर्णनासकट, मागाल तेव्हा जादा पैसे न घेता मिळेल आणि तुमच्या पैशाने झालेल्या बदलांचा कोड तुमचा राहील. जुन्या कंपनीकडूनही डेटाबेसचा पासवर्ड आणि बॅकअप याच आठवड्यात लेखी मागून घ्या, त्यांचा एखादा माणूस अजून फोन उचलतोय तोवर.