फॅन्कोनी: जीन थेरपीसाठी ट्रान्सप्लांट थांबवावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सात वर्षांच्या भाच्याला फॅन्कोनी ॲनिमिया (हाडांतल्या मज्जेचं रक्त बनवणं हळूहळू बंद पडतं तो जन्मजात आजार), प्लेटलेट 22 हजारांवर उतरलेत, त्याच्या सख्ख्या बहिणीचा एचएलए (मज्जा देणारा जुळतो का ते पाहायची तपासणी) पूर्ण जुळलाय, म्हणजे तिच्या मज्जेचं ट्रान्सप्लांट करता येईल, आणि घरचे म्हणतात जीन थेरपी येईपर्यंत थांबू. माझं मत विचाराल तर थांबू नका.

जीन थेरपीला बियाणं पोराच्याच मज्जेतलं लागतं. त्याच्या मूळपेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत चांगलं जीन घालायचं आणि शिरेतून परत सोडायच्या. फॅन्कोनीत नेमक्या ह्याच पेशी आटत जातात, मग काढणार काय? स्पेनमधल्या डॉक्टरांनी 2019 साली चार मुलांचे निकाल छापले. केमो न देताही दुरुस्त पेशी टिकल्या, वाढल्या, कारण त्यांना आजारी पेशींपेक्षा जोम जास्त. पण वाढ सावकाश होते, आणि फॅन्कोनी वेगवेगळ्या जीनमुळे होतो, ते काम फक्त त्यातल्या ‘ए’ प्रकारच्या जीनवरचं होतं.

तुमच्या नंदुरबारकडे सिकलसेलच्या जीन थेरपीची बातमी सगळ्यांनी ऐकलीय, गोंधळ तिथूनच होतो. तिथे आधी जबर केमो देऊन मज्जा रिकामी करतात. फॅन्कोनीच्या पेशींना डीएनएची मोडतोड दुरुस्त करता येत नाही, त्यांना तो डोस झेपत नाही. म्हणून ट्रान्सप्लांटमध्येही केमो बेतानेच देतात, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

आता महत्त्वाचं. बहिणीची क्रोमोसोम ब्रेकेज टेस्ट (तिलाही हाच आजार लपून आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) झाली का? आमच्या मुलाला तालुक्याला वर्षभर लोहाचं टॉनिकच चालू होतं, त्याच्या वाकड्या, बारक्या अंगठ्याकडे कुणी पाहिलं नाही. निदान झालं, मोठ्या मुलीचा एचएलए जुळला, आम्ही जळगावला पेढे वाटले. पंधरा दिवसांनी तिचीही ब्रेकेज टेस्ट पॉझिटिव्ह. दिसायला ठणठणीत पोर! मग बाहेरचा दाता शोधावा लागला.

रक्त लागलं की आपल्याकडे अख्खी भाऊबंदकी रांगेत उभी राहते. त्यांना हात जोडून सांगा, नातलगांचं रक्त ह्याला चढवायचं नाही, पुढे ट्रान्सप्लांट नाकारलं जाण्याचा धोका वाढतो. रक्त इरॅडिएट केलेलंच (किरणांचा मारा दिलेलं) मागा.

ट्रान्सप्लांट असो की जीन थेरपी, सुधारतं ते रक्त. तोंड-घशाच्या कॅन्सरचा धोका राहतोच, दातांच्या डॉक्टरकडे नेमाने दाखवायचं. आणि आजोबांची तंबाखूची डबी त्याच्या हाताशी नको.

खर्चाचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात फॅन्कोनी पहिल्या गटात, म्हणजे एकदाच्या उपचाराने बऱ्या होऊ शकणाऱ्या आजारांत आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं केंद्र आहे, तिथे आधी नाव नोंदवा. बहिणीचा रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका, बघतो.