काका म्हणतात, नर्स म्हणजे डॉक्टरांचे ‘हुकूम पाळणारी’. नर्सिंग म्हणजे केवळ एवढेच असते का? बारावीनंतर वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयात नर्सिंग करावे की प्रयोगशाळा तंत्रज्ञ व्हावे?

आपल्या काकांनी वापरलेले ‘हुकूम पाळणारी’ हे शब्द माझ्या थोरल्या दिरांनी माझ्या लग्नाच्या बैठकीतच उच्चारले होते, म्हणून हे उत्तर. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही नर्सिंगची पदविका करून मी एका अभिमत विद्यापीठाच्या रुग्णालयात अठरा वर्षे काम करत आहे.

चौथ्या वर्षी मेडिसिन वॉर्डात रात्रपाळीला असताना एका रुग्णास रक्त चढवायला सुरुवात केली. पहिली पंधरा मिनिटे थेंब सावकाश ठेवून खाटेशेजारीच थांबायचे असते. बाराव्या मिनिटाला त्यांना हुडहुडी भरली आणि कंबर धरून ते म्हणाले, “सिस्टर, पाठीत कळ येतेय.” आदल्या सकाळपासून जागे असलेल्या निवासी डॉक्टरांनी ‘पॅरासिटामॉल द्या, रक्त चालू ठेवा’ असे सांगितले. पण ही न जुळणाऱ्या रक्ताची लक्षणे असू शकतात, म्हणून मी रक्त बंद केले, नवा नळीसंच लावून सलाइन सुरू केले आणि पिशवी, जुना नळीसंच व रक्ताचा ताजा नमुना वॉर्डबॉय मामांबरोबर रक्तपेढीत धाडला. थोड्या वेळाने तिथल्या तंत्रज्ञाचा फोन आला की आधी पाठवलेल्या नमुन्याच्या नळीतला गट बी होता आणि आताचा ओ येतो आहे. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाचे दोन रुग्ण होते आणि खाटेपाशी न लिहिता टेबलावर बसून लिहिलेली लेबले नळ्यांवर उलटसुलट लागली होती. रुग्णाची लघवी दोन दिवस तांबूस राहिली, नंतर ते चालत घरी गेले.

सकाळच्या राउंडला ‘आम्ही वेळीच थांबवले’ असे सांगण्यात आले. त्या ‘आम्ही’त मी नव्हते आणि तंत्रज्ञ तर नव्हताच. माझ्या नर्सिंग नोंदीत मात्र ‘२.२० वा. रक्त थांबवले, डॉक्टरांना कळवले’ ही ओळ आहे, आणि तिची झेरॉक्स मी दिरांना दाखवली होती. त्यांनी चष्मा न लावताच ती परत केली.

आता आपला प्रश्न. जमत असेल तर थेट चार वर्षांचे बीएस्सी नर्सिंग करा, कारण शिकवण्याच्या जागांसाठी पदवी लागते. मी तीन वर्षांचे जीएनएम केल्यामुळे मला नोकरी सांभाळून पुन्हा दोन वर्षे पोस्ट बेसिक बीएस्सीसाठी, म्हणजे जीएनएमनंतरच्या पदवीसाठी, घालवावी लागली. शासकीय सेवेत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर), अधिसेविका (मेट्रन) अशी बढतीची वाट तरी ठरलेली आहे. प्रयोगशाळेकडे ओढा असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम पाहावा. ते काम दुय्यम आहे असे कोणी म्हणाल्यास त्या रात्रीचा फोन आठवावा.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दिरांनी एका रात्रीत सात वेळा बेल वाजवली, आणि सातही वेळा सिस्टरांनाच बोलावले. अर्थात पगाराबाबत मी आपल्याला भुलवणार नाही. खासगी रुग्णालयांत सुरुवातीची वर्षे बहुधा कंत्राटावर आणि तुटपुंज्या वेतनात जातात, आणि रात्रपाळी लग्नानंतरही सुटत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.