बायकोला एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) आहे आणि आता चौथा महिना सुरू आहे. काय काळजी घ्यावी? सिस्ट वाढेल का? बाळंतपण माहेरी करावं की शहरातच?

तुम्ही विचारलंय बरंच, पण माझं उत्तर शेवटच्या प्रश्नापासून सुरू होतं. माहेरी पाठवू नका. निदान पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) कुठे आहे ते कळेपर्यंत कुणालाही शब्द देऊ नका.

एवढं ठासून सांगते, कारण आमच्याकडे यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. माझं सासर मिरजेत, माहेर जत तालुक्यात, तेही आतल्या रस्त्याला. मला दोन्ही अंडाशयांत चॉकलेट सिस्ट (या आजारात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ), लग्नाआधी दुर्बिणीतून ऑपरेशन झालेलं. निदान व्हायलाच कित्येक वर्षं गेली, कारण दाखवलं तिथे एकच ऐकायला मिळायचं, लग्न होऊन एक मूल झालं की सगळं थांबेल. (युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या 'एशरे' या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की निव्वळ या आजारावरचा उपाय म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये. तेव्हा हे हाताशी असतं तर छापून केसपेपरला टाचलं असतं.)

तर पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली आणि वार खाली निघाली, थेट पिशवीच्या तोंडावर. डॉक्टर म्हणाल्या, पिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते, ३२ आठवड्यांना परत बघू. पण एंडोमेट्रिओसिस असलेल्या बायकांत वार खाली राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि आयव्हीएफने दिवस राहिले असतील तर आणखी जास्त. म्हणून त्यांनी तेव्हाच बजावलं: लांबचा प्रवास नाही, संबंध नाहीत, आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यापासून लांब जायचं नाही.

सातव्यात ओटीभरणाला माहेरची माणसं आली ती मला घेऊन जायच्या तयारीनेच. वडील गप्प होते, बोलत होत्या आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण. "पैलं बाळंतपण म्हायेरीच हुतंय, रीत हाय ती. आमच्या टायमाला कुठं हुती सोनोग्राफी? भांगलण करता करता पोरं झाली." सासूबाई एरवी कुणाला तोडून बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "रीत मी मोडली असं सांगा गावात. रात्री हिला रक्त लागलं तर कुठून आणणार तेवढं सांगा." आत्ती ताटावरून उठल्या. खरी मेख पैशाची होती, हेही सांगून टाकते. पहिलटकरणीचा खर्च माहेराने करायचा असतो, तो सासरच्यांनी केला म्हणजे भावाचं नाक कापलं, असा त्यांचा हिशोब.

आठवा लागला आणि एका पहाटे ओलं लागलं म्हणून जाग आली. लालभडक रक्त, आणि पोटात कळ म्हणून नाही. वार खाली असली की असंच होतं, न दुखता अंगावरून जातं. दुखत नाही म्हणूनच घरातले म्हणतात, उजाडू दे, मग जाऊ. आम्ही तसेच निघालो. ड्यूटीवरचा मुलगा नवीन होता, ग्लोव्ह्ज घालून आतून तपासायला आलासुद्धा. मी ओरडलेच, "वार खाली आहे, आतून हात लावायचा नाही!" आणि फाईल त्याच्या हातात कोंबली. बोटांनी तपासताना वारेला धक्का लागला तर रक्त आवरत नाही. (आतून करायची सोनोग्राफी चालते, तिला घाबरू नका. वार नेमकी किती खाली आहे ते तिच्यातच नीट कळतं.) मग बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, नवरा आणि दीर रक्तपेढीत पळाले. रक्त थांबलं तरी घरी सोडलं नाही. ३६ आठवडे भरल्यावर ठरवून सिझर केलं. आतडं पिशवीला मागून चिकटलेलं होतं, ते सांभाळत ऑपरेशन करायला वेळ लागला, रक्तही चढवावं लागलं. मुलगी उत्तम आहे, आता शाळेत जाते आणि आत्तींचीच लाडकी आहे.

आत्तींचं मात्र आजही तेच, माहेरी आली असती तर नॉर्मल झाली असती. अहो, वार दारात आडवी, बाळ येणार कुठून? आणि आमच्या गावाहून मिरजेला यायला दोन तासांच्या वर लागतात, तेही गाडी दारात उभी असली तर. आत्ती, वाचत असाल तर वाचा. मूल झालं की दुखणं जातं म्हणायचात ना? अंगावरचं दूध सुटलं, पाळी सुरू झाली आणि दुखणं जसंच्या तसं परत आलं. आज पुन्हा डायनोजेस्टवर (या आजारावरच्या हार्मोनच्या गोळ्या) आहे.

आता तुमच्या सिस्टचं. गरोदरपणात ती बहुतेक वेळा तेवढीच राहते किंवा लहान होते. फुटणं, पू होणं क्वचित. कधी कधी हार्मोन्समुळे सोनोग्राफीत ती विचित्र दिसते आणि कॅन्सरची शंका घेतली जाते. तसं झालं तर घाईने ऑपरेशनला हो म्हणू नका, आधी या आजाराच्या जाणकार डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पोटात अचानक असह्य दुखायला लागलं, घाम, चक्कर, चेहरा पांढराफटक, आणि खालून रक्ताचा थेंब नाही, तरी ती आतल्या आत रक्तस्राव होत असल्याची खूण असू शकते. फार दुर्मीळ आहे, पण या आजारात होतं, विशेषतः शेवटच्या महिन्यांत. गॅस समजून ओवा-सोडा देत बसू नका, १०८ ला फोन लावा. जुन्या ऑपरेशनचे कागद आणि सीडी फाईलला हवीत, सिझर करणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्त गेल्यावर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा.

मी डॉक्टर नाही, आणि माझ्यासारखं सगळ्यांचं होतं असंही नाही. हा आजार असलेल्या पुष्कळ बायकांचं बाळंतपण काही न होता पार पडतं, नॉर्मलही होतं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही करायची गरज नाही म्हटलं तर ते आजच्या घडीला बरोबर असू शकतं. वार वर निघाली, बीपी आणि बाळाची वाढ नीट असली, आणि मिसेसचं माहेर एखाद्या चांगल्या दवाखान्याजवळ असलं तर माझं म्हणणं सोडून द्या. नाहीतर ओटीभरण तुमच्याच घरी करा, तुमच्या सासूबाईंनाच शेवटचे दोन महिने राहायला बोलवा, आणि बारसं तिकडे हवं तेवढं दणक्यात होऊ द्या. खर्चाचं नवराबायकोने आधीच बोलून घ्या.