उत्तर : दहा हजारांत शाळा चालवताना खिशात हात घालण्यापूर्वी

सर, आपल्या जिल्हा परिषद शाळेचा पट २८, शाळेच्या वार्षिक किरकोळ खर्चासाठी मिळणारे संयुक्त शाळा अनुदान १० हजार, वीजबिल व इंटरनेटचा खर्च मात्र वाढताच, तेव्हा वरची रक्कम खिशातून घालावी का, हा आपला प्रश्न वाचला. मुख्याध्यापक असताना मीही याच कात्रीत सापडलो होतो. कीर्द, साठा नोंदवही, शाळा व्यवस्थापन समितीचे ठराव आपणांस ठाऊकच असणार, त्यामुळे ते सोडून देतो. माझे मत स्पष्ट आहे : नोंद न करता खिशातून एक रुपयाही घालू नये.

आपण सारा दोष महागाईला दिला आहे, तो मला अर्धाच पटतो. ‘समग्र शिक्षा’ या शासकीय योजनेतील हे अनुदान पटाच्या टप्प्यांवर ठरते. ३० पर्यंत १० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार. म्हणजे पट ३१ वरून ३० झाला की १५ हजार रुपये कमी होतात, परंतु वर्गखोल्या, पत्रे, नळ आणि विजेचे मीटर होते तेवढेच राहतात. त्यातही किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते.

मला सर्वांत महागात पडले ते एक कार्यालय. नाव घेत नाही. शून्य शिल्लक खात्यांची पद्धत आल्यापासून शाळेला केवळ खर्चाची मर्यादा मिळते आणि न वापरलेली मर्यादा वर्षअखेर काढून घेतली जाते, हे आपण जाणताच. आमची मर्यादा फेब्रुवारीत दिसू लागली आणि लगेच फोन आला, ‘सूचना येईपर्यंत खर्च थांबवा.’ लेखी पत्र मागितले, तर ‘सगळ्यांना तोंडीच सांगितले आहे, तुम्हालाच कागद कशाला हवा?’ असे उत्तर मिळाले. मार्च संपता संपता एका संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर संदेश झळकला : उद्यापर्यंत शंभर टक्के खर्च करावा. पीपीए (बँकेला द्यायचा छापील देयक आदेश) काढला, पण त्यावर समितीच्या अध्यक्षांची सही हवी आणि ते ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेले. मर्यादा परत गेली, पत्रे बसवणाऱ्याची उधारी तशीच राहिली. पुढच्या आढावा बैठकीत त्याच कार्यालयाने आमच्या शाळेपुढे शेरा मारला होता : ‘अखर्चित. गरज नसावी.’ तो शेरा आजही डोक्यातून जात नाही.

तोंडी आदेश आणि खिशातला खर्च, दोन्ही कागदावर उमटत नाहीत. वरच्यांना दहा हजारांत शाळा सुरळीत चाललेली दिसते. म्हणून असा फोन आला की त्याच दिवशी ‘आपल्या सूचनेनुसार खर्च थांबवला आहे’ असे पत्र जावक क्रमांक टाकून पाठवावे व पोच घ्यावी. साहेब नाराज होतील, होऊ द्यावेत. दिलेच पैसे खिशातून, तर ती रक्कम शाळेस देणगी म्हणून जमा दाखवून समितीच्या इतिवृत्तात नोंदवावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने करायचा विकास आराखडा हाच शासनाच्या अनुदानाचा आधार मानला आहे. गेल्या वर्षीचा आराखडा तारीख बदलून देण्याची आपल्याकडची पद्धत मला त्यामुळेच घातक वाटते. त्यात वर्षाचे खरे वीजबिल आणि दुरुस्तीचा खरा अंदाज लिहावा.

पाणी व स्वच्छतागृहाचा भार शक्यतो शाळेच्या अनुदानावर घेऊ नये. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा बंधित निधी याच कामांसाठी मिळतो, मात्र शाळेचे काम ग्रामपंचायतीच्या ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात आधी समाविष्ट झालेले असावे लागते. तो आराखडा ठरवणाऱ्या ग्रामसभेला स्वतः जावे, केवळ पत्र पाठवून भागत नाही.

हे सारे जिल्हा परिषद शाळेच्या अनुभवावरून लिहिले आहे. खासगी अनुदानित शाळांचे वेतनेतर अनुदान हा वेगळा विषय आहे, आणि चालू वर्षाच्या परिपत्रकात काही वेगळे असेल तर तेच ग्राह्य धरावे. जाता जाता, वीजबिलावरची वर्गवारी आजच पाहून घ्यावी. शासकीय शाळेसाठी ‘सार्वजनिक सेवा – शासकीय’ हा दर असतो. तेथे ‘वाणिज्यिक’ छापले असेल तर बिलाच्या प्रतीसह वर्गवारी बदलण्याचा अर्ज द्यावा.